महाविद्यालयात लागलेल्या ध्वनीच्या वेडातून व्यवसाय कसा उभा राहतो?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, महाविद्यालयाच्या कार्यक्रमांत मिक्सर सांभाळता, मित्रांची गाणी खोलीतच ध्वनिमुद्रित करता आणि रात्री जागून माइक व हेडफोन यांच्याविषयी वाचता. या आवडीवर पोट भरता येईल का, आणि त्यासाठी चालू शिक्षण सोडून ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम करावा का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षे चित्रपट आणि माहितीपटांच्या संवाद संपादनाचे काम करते, त्याआधी काही काळ मंचावरील कार्यक्रमांचा ध्वनीही सांभाळला आहे, त्या अनुभवावरून सांगते. पोट निश्चितच भरता येते, आणि चालू शिक्षण सोडण्याची गरज नाही. मात्र या दोन्ही प्रश्नांच्या आधी येणारा प्रश्न वेगळा आहे: ध्वनीच्या क्षेत्रातले नेमके कोणते काम तुम्हाला रोज, कंटाळवाण्या भागासकट, करावेसे वाटेल?

‘ध्वनीची आवड’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात बहुधा तीन ओढी मिसळलेल्या असतात. एक चांगला आवाज ऐकण्याची, दुसरी उपकरणे जवळ बाळगण्याची आणि त्यांची तुलना करण्याची, आणि तिसरी प्रत्यक्ष ध्वनीवर काम करण्याची. पहिल्या दोन ओढी आनंद देतात, पण व्यवसाय तिसरीवर उभा राहतो. ती आपल्यात किती आहे हे वाचून कळत नाही, काम करूनच कळते. म्हणून दोन कामे जरा जवळून दाखवते.

संवाद संपादनाचे पाहा. एका खोलीत दोन व्यक्ती बोलत आहेत असे दृश्य असते, पण प्रत्यक्षात एकीची बाजू सकाळी आणि दुसरीची दुपारी चित्रित झालेली असते. सकाळी खिडकीबाहेर शांतता होती, दुपारी दूरवर यंत्राची घरघर चालू होती. दोन्ही बाजू जोडल्या की प्रत्येक वाक्यागणिक ती घरघर येते आणि जाते. प्रेक्षकाला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण दृश्यावरचा विश्वास उडतो. त्यावर उपाय म्हणून संपादक त्या खोलीतल्या शांततेचे ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही रूम टोन म्हणतो, वाक्यांमधल्या फटींखाली अंथरतो, प्रत्येक तुकड्याची टोके लांबवून एकमेकांत हळूहळू विरघळवतो, आणि ‘प’ किंवा ‘भ’ उच्चारताना माइकवर आदळलेला श्वास काढून त्या जागी दुसऱ्या टेकमधला तोच अक्षरध्वनी बसवतो. काही मिनिटांच्या अवघड दृश्यात अख्खा दिवस जातो, आणि काम उत्तम झाले तर ते झाले आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. हे वर्णन वाचून तुम्हाला हुरूप आला असेल, तर ध्वनिसंपादनाची ही दिशा गंभीरपणे घ्या. मला स्वतःला या कामाइतके समाधान दुसऱ्या कशातही मिळालेले नाही.

मंचावरच्या ध्वनीचे काम याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. तिथे दुरुस्तीला दिवस नसतो, सेकंद असतात. गायकाचा माइक शिट्टी मारू लागला की स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून वाढत चालला आहे, हे ओळखून उपाय करावा लागतो. नवशिक्याचा हात लगेच इक्वलायझरकडे, म्हणजे निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे, जातो. अनुभवी माणूस आधी माइक तोंडाच्या जवळ आणतो, कारण जवळच्या अंतरात ते अंतर निम्मे केले की माइकला पोहोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि तेवढ्या प्रमाणात मिक्सरवरची पातळी खाली घेता येते. त्यानंतर तो मंचावरच्या स्पीकरची दिशा बदलतो आणि इक्वलायझरला सर्वांत शेवटी हात लावतो. मोठ्या मैदानात मागच्या श्रोत्यांसाठी वेगळे स्पीकर लावले तर त्यांना मुद्दाम उशीर द्यावा लागतो, कारण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून ३४ मीटर मागे असलेल्या स्पीकरला अंदाजे १०० मिलिसेकंदांचा उशीर दिला नाही, तर तिथल्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. महाविद्यालयाच्या कार्यक्रमांत गडबड उडाल्यावर तुमचे डोके अधिक शांतपणे चालते, असा अनुभव तुम्हाला येत असेल तर तो फार मोलाचा संकेत आहे.

तिसरी दिशा अभियांत्रिकीची आहे, आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्याच्या ती हाताशी असूनही तिचा विचार फारच कमी जण करतात. श्रवणयंत्रे, फोनमधले सूक्ष्म माइक, दूरसंभाषणातला प्रतिध्वनी काढून टाकणारे प्रोग्राम, स्पीकरची रचना, खेळांमधले ध्वनीचे इंजिन, सभागृहांचे ध्वनिशास्त्र, जुन्या ध्वनिमुद्रणांचे जतन ही सगळी या दिशेतली पोटापाण्याची कामे आहेत. त्यांतल्या अनेकांत नियमित नोकऱ्याही आहेत, ज्या संगीत आणि चित्रपटाच्या क्षेत्रात विरळ असतात.

इथे मला वॉलेस सबाइन यांची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण व्यवसायाची सुरुवात कशी होते याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नव्याने बांधलेल्या फॉग संग्रहालयातले व्याख्यानगृह जवळजवळ निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही आणि त्यावर पुढचे शब्द चढत. हे दुरुस्त करण्याचे काम भौतिकशास्त्राच्या या विशीतल्या शिक्षकाकडे आले, ज्याचा ध्वनीचा खास अभ्यास नव्हता. सबाइन यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री त्या सभागृहात आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवली, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो हे कानाने ऐकून घड्याळाने मोजले. गाद्यांची संख्या बदलून पुन्हा मोजले, आणि हे असंख्य वेळा केले. त्यातून नियम हाती आला: आवाज घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टन सिंफनी हॉलची रचना याच ज्ञानाच्या आधारे झाली, आणि ते सभागृह आजही जगातल्या उत्कृष्ट सभागृहांत गणले जाते.

या प्रयोगाची लहान आवृत्ती तुम्ही आपल्या वर्गात करू शकता. रिकाम्या वर्गात फुगा फोडा, तो आवाज ध्वनिमुद्रित करा, त्याची पातळी किती वेळात किती डेसिबल खाली येते ते संगणकावर मोजा. मग पडदे लावून, माणसे बसवून पुन्हा मोजा. ६० डेसिबल घट होण्याचा काळ सेकंदांत हवा असेल तर सबाइन यांचे सूत्र मीटरमध्ये साधे आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण शोषणक्षेत्राने (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची आवाज शोषण्याची क्षमता, या सगळ्यांची बेरीज) भागायचे. सूत्रातून आलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत फरक का पडला, यावर दोन पाने लिहा. अशी दोन पाने ध्वनिशास्त्राच्या सल्लागाराला दाखवली, तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा तो त्यांकडे अधिक लक्ष देईल.

ध्वनिमुद्रणातला खरखराट कमी करणारी पद्धत शोधणाऱ्या रे डॉल्बी यांचेही तसेच आहे. शिक्षण चालू असतानाच ते अँपेक्स कंपनीत काम करत होते आणि १९५६ मध्ये तिथून बाहेर आलेल्या व्हिडिओ टेप रेकॉर्डरच्या घडणीत त्यांचा हात होता. पुढे केंब्रिजला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्यांनी सोडवलेला प्रश्न एकच आणि नेमका होता: ध्वनिमुद्रणाच्या फितीतून (टेपमधून) सतत येणारी सर्र. ध्वनिमुद्रण करताना हळू आवाज उचलून घ्यायचे आणि ऐकवताना तितकेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्यासोबत ती सर्रही खाली जाते. ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा मोफत प्रोग्रामही कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी या विद्यार्थ्याने आपले प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग यांच्याबरोबर सुरू केला आणि २००० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. या सगळ्यांसमोर सोडवायची एक ठरावीक अडचण होती. तुम्हीही ‘ध्वनीत काहीतरी करायचे आहे’ या वाक्याऐवजी अशी एखादी अडचण शोधा, कारण मोबदला अडचण सुटण्याचा मिळतो.

आता पदवीविषयी. अभियांत्रिकीच्या दिशेला जायचे असेल तर चालू शिक्षण हेच तुमचे भांडवल आहे. संकेत प्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) हा विषय मनापासून करा, आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारे फूरिए रूपांतर केवळ परीक्षेपुरते न ठेवता स्वतःच्या ध्वनिमुद्रणांवर चालवून पाहा, आणि पायथन व सी प्लस प्लस यांपैकी निदान एकीत लहानसा ध्वनिपरिणाम स्वतः लिहा. ध्वनिमुद्रण, मिक्सिंग किंवा संपादन करायचे असेल तर पदवी सहसा कोणी विचारत नाही, काम ऐकवा म्हणतात. तरीही ध्वनीचे स्वतंत्र अभ्यासक्रम निरर्थक नाहीत. चांगल्या अभ्यासक्रमात उत्तम खोल्या, शिक्षकांचा कान आणि पुढे एकमेकांना काम देणारे सहाध्यायी मिळतात. प्रवेश घेण्यापूर्वी एकच गोष्ट खोदून विचारा: प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास प्रत्यक्ष उपकरणांवर एकट्याने काम करता येते? याचे उत्तर गुळमुळीत मिळाले तर तिथे जाऊ नका.

उपकरणांवर सध्या खर्च करू नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. एक बरा माइक, माइक संगणकाला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस आणि कान झाकणारे हेडफोन एवढ्यावर शिकण्याजोगे खूप काही करता येते. त्यापेक्षा कान तयार करा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाजाची पातळी कमी असताना आपल्याला खर्जातले सूर तुलनेने फार कमी ऐकू येतात. म्हणूनच मोठ्याने वाजवलेली कोणतीही गोष्ट अधिक भरदार वाटते. दोन मिक्स किंवा दोन हेडफोन यांची तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्या. ही एक सवय लागली तर उपकरणांविषयीची निम्मी मते आपोआप गळून पडतात.

कामाचा नमुना तयार करताना स्वतःसाठी केलेल्या प्रयोगांपेक्षा दुसऱ्यांसाठी पूर्ण केलेल्या कामांना महत्त्व द्या. लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांना ध्वनी सांभाळणारा माणूस जवळजवळ कधीच मिळत नाही, त्यांच्याकडे जा. एखाद्या पॉडकास्टचे भाग नियमितपणे संपादित करून द्या. तिथे मुदत असते, दुसऱ्याचे मत असते, आणि ठरलेल्या मापात काम द्यावे लागते. चित्रफितीसाठीच्या ध्वनीचा नमुनादर (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) ४८ किलोहर्ट्झ असतो, सीडीसाठी ४४.१, युरोपातल्या प्रसारणासाठी सरासरी तीव्रता उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारी तीव्रता मोजण्याचे एकक) ठेवावी लागते. मागितलेली मापे अचूक पाळणे, फाइलींना समजतील अशी नावे देणे आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे या गोष्टी रुक्ष वाटतात खऱ्या, पण दुसऱ्यांदा बोलावणे येते ते बहुतेक वेळा यांच्याच जोरावर. आमच्याकडे मदतनीस निवडताना मी नमुन्यातली चमक पाहते, पण त्याआधी पाठवलेल्या फाइलींची शिस्त पाहते.

कानांची काळजी आजपासून घ्या. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मानली जाणारी सुरक्षित मर्यादा आहे, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. मंचाजवळ १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. सर्व वारंवारता सारख्या प्रमाणात कमी करणारे कानातले बोळे संगीतकारांसाठी मिळतात, ते घ्या, आणि कामाला लागण्यापूर्वी एकदा श्रवणचाचणी करून तिचा अहवाल जपून ठेवा.

उत्पन्नाचे स्पष्ट सांगायचे तर ध्वनिमुद्रण आणि संपादन यांत पहिली काही वर्षे कामे सलग मिळत नाहीत, बरेच जण स्वतंत्रपणे काम करतात आणि दोन कामांमधला काळ कठीण जातो. म्हणून एकमेकांना लागून असलेली दोन कौशल्ये असावीत, जसे संवाद संपादन आणि चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण, किंवा मंचावरचा ध्वनी आणि सभागृहांतील यंत्रणा बसवणे. तुमच्यापाशी अभियांत्रिकी आहे, तेव्हा ती दुसरी बाजू म्हणून सांभाळलीत तर आवडीचे काम निवडण्याची मोकळीक तुम्हाला इतरांपेक्षा लवकर मिळेल.

ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था विद्यार्थ्यांना सभासद करून घेते आणि विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रणाच्या स्पर्धाही घेते. तिथे नाव नोंदवा. आणि ज्यांचे काम आवडते अशा दोन-चार व्यावसायिकांना थेट पत्र लिहा. पत्र लहान ठेवा, त्यांच्या कोणत्या कामातली कोणती गोष्ट तुम्हाला लक्षात आली ते एका वाक्यात लिहा, स्वतःचे तीन मिनिटांहून कमी लांबीचे एकच काम जोडा, आणि ‘मार्गदर्शन करा’ असे मोघम न लिहिता नेमके काय हवे ते मागा: एक दिवस शेजारी बसून काम पाहण्याची परवानगी. माझ्याकडे अशी पत्रे येतात तेव्हा या एका मागणीला मी शक्यतो नाही म्हणत नाही.