सगळ्यांत असूनही कुणाचेच नाही असं वाटतं तेव्हा

"माणसांत असते, पण कुणाचीच नाही." नवी नोकरी, बदली, लग्न, निवृत्ती, मुलांकडे राहायला जाणं, कारणं निराळी असली तरी ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून येत असते. अशाच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. घरात सगळं सुरळीत, सूनही मायेची. "पण मॅडम, दोन वर्षं झाली. खाली उतरले की सगळे हसतात, नमस्कार करतात. उद्या मी दिसले नाही तर मात्र कुणाच्या लक्षातही यायचं नाही." झोप, भूक, रोजची कामं, जगण्याची इच्छा, सगळ्याची मी नीट चौकशी केली. ते ठीक होतं. (ते बिघडलेलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं.)

पक्ष्यांचा विषय त्यांनीच काढला. खिडकीसमोरच्या झाडाखाली सातभाई यायचे. "कायम एकमेकांना धरून असतात. हेवा वाटतो मला त्यांचा." मलाही पक्षी पाहण्याची आवड आहे, म्हणून मी तो धागा सोडला नाही. त्यांना सांगितलं, पुढच्या भेटीपर्यंत अख्ख्या टोळीकडे पाहू नका, एकाच पक्ष्यावर नजर ठेवा.

पुढच्या वेळी त्या बोलायला उत्सुक होत्या. सगळे पाचोळा उलटून किडे टिपत होते आणि एक एकटाच वर फांदीवर बसलेला. "मला वाटलं, हा माझ्यासारखाच, बाजूला पडलेला." थोड्या वेळाने तो खाली आला आणि दुसरा वर जाऊन बसला. मग मांजर आल्यावर वरच्याने कलकलाट केला आणि सगळे एका दमात झाडावर. "तो बाजूला नव्हताच, राखण करत होता." त्यांनी स्वतःहून हे टिपलं याचा मला फार आनंद झाला.

पण मला त्यांना आणखी एक गोष्ट सांगायची होती. सातभाईंची टोळी बहुतेक करून नात्यागोत्याची असते. एका घरट्यातल्या पिल्लांना आईबापांखेरीज टोळीतले इतरही भरवतात, एकमेकांची पिसं साफ करतात. आणि शेजारची टोळी हद्दीत शिरली की कडाक्याची भांडणं होतात. इतक्या घट्ट जवळिकीला कुंपणही तितकंच घट्ट असतं. बाई नव्या इमारतीत नेमकी हीच जवळीक शोधत होत्या. जुन्या ठिकाणी ती त्यांना मिळाली होती, पण हयात घालवून.

रानात एकत्र राहण्याची दुसरीही रीत आहे: मिश्र थवा. सुतार खोडावर चोची मारतोय, नाचण पानांत पंखा फुलवून फिरतोय, आणि यांच्या हालचालीने उडालेले किडे कोतवाल हवेतच टिपतोय. जात वेगळी, खाणं वेगळं, नातं काहीच नाही. तरी ते बरोबर फिरतात, कारण जास्त डोळे असले की शिकारी पक्षी लवकर दिसतो. धोक्याची हाक कोतवाल देतो आणि सगळे ती मानतात. तिथे कुणाला दुसऱ्यासारखं व्हावं लागत नाही. मला वाटतं, नव्या जागी राहायला आलेल्या माणसाने सातभाईंपेक्षा या थव्याकडे पाहावं.

"पण इमारतीत एवढी माणसं," त्या म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना स्टार्लिंग पक्ष्यांबद्दल सांगितलं. रोममधल्या त्यांच्या प्रचंड थव्यांवरचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. हजारो पक्षी एकदम वळतात, पण त्यातला प्रत्येक जण लक्ष ठेवतो ते सरासरी सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांवर. तेवढ्यावर अख्खा थवा एकत्र राहतो. आम्ही कागद घेतला आणि त्यांना खरोखर रोज भेटणारी माणसं लिहून काढली. पाच नावं निघाली.

आता या पाच जणांशी बोलायचं काय? चरताना पक्षी सारखे बारीक आवाज काढत असतात. दाट पानांत एकमेकांना दिसलं नाही तरी कोण कुठे आहे ते त्यावरून कळतं. त्या आवाजात मोठी बातमी नसते. हे ऐकून बाई थबकल्या. "आमच्या मजल्यावरच्या काकू रोज विचारतात, 'काय, निघालात का?' दिसतंय ना, निघालेय! मी नुसती मान हलवून पुढे जाते." दोन वर्षं कुणीतरी रोज हाक देत होतं आणि उत्तर जात नव्हतं.

मी एवढंच सुचवलं: उत्तर द्यायचं, आणि जमेल तेव्हा आपणही आधी हाक द्यायची. शिवाय रोज ठरलेल्या वेळी खाली उतरायचं. वेळ ठरलेली असली की आपलं नसणं कुणाच्या तरी लक्षात येतं. सुरुवातीला त्यांना ते ओढूनताणून केल्यासारखं वाटलं, एकदोघांनी थंड प्रतिसादही दिला. मग एकदा तापामुळे त्या खाली गेल्या नाहीत, तर काकू दारात हजर: "काय हो, दिसला नाहीत?" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

पुढे इमारतीचं स्नेहसंमेलन झालं, त्याला मात्र त्या गेल्या नाहीत. एवढ्या गर्दीत त्यांना आजही अवघडल्यासारखं होतं. ते बदलायला हवं असं मला वाटत नाही, आणि आता त्यांनाही वाटत नाही.