रंगमंच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची हौशी मंडळी उत्सवात ‘संगीत संशयकल्लोळ’ करणार आहे. रंगीत तालमीत मागच्या रांगांना तसबिरीचा घोटाळाच कळला नाही. काय चुकलं? (फोंडा)

उत्तर : हे आधी सुधारा, पदांचं नंतर बघू. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक 1893 साली गद्यात आलं, तेव्हा त्याचं नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ होतं. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर मग कृत्तिकेला मिळते आणि परपुरुषाची तसबीर न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाच्या नजरेस पडते. दोघांचेही संशय इथून पेटतात. खरं काय ते फक्त प्रेक्षकाला ठाऊक असतं, म्हणूनच तो हसतो. तसबीर पडलेली त्याला दिसलीच नाही, तर पुढचे अंक नुसती भांडाभांडी वाटतात.

तसबीर साधारण चार बाय सहा इंचांची करा. लॉकेटएवढी केली तर तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. पितळी रंगाची चौकट चालेल, पण काच नको. काचेवर स्पॉट चमकतो, चेहरा दिसत नाही आणि पडून फुटली तर अनवाणी नटांचे पाय कापतात. फोटो मॅट कागदावर छापा, पाठीला प्लायवूड लावा. फोटो अश्विनशेट करणाऱ्या नटाचाच हवा आणि पगडीही तो प्रयोगात घालतो तीच. ऐनवेळी नट बदलला तर फोटोही बदला. हे हमखास राहून जातं.

आता पडण्याची जागा. रेवतीने तसबीर प्रेक्षकांकडच्या हातात धरावी. फाल्गुनराव तिच्या मागून येऊन सावरेल. पुढून आला तर त्याच्या उपरण्याआड सगळं झाकलं जातं. आधी तसबीर सुटू दे, मग तोल जाऊ दे. दोन्ही एकदम झालं की नजर रेवतीवरच जाते. तेवढ्या जागेवर सतरंजी नको, फळीवर ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. दोघं निघून गेल्यावर रंगमंच क्षणभर रिकामा ठेवा, मगच कृत्तिकेचा प्रवेश. दुसरी तसबीर विंगेत तयार असू द्या.

प्रश्न : अश्विनशेट पांढरी एक या पट्टीत (पेटीच्या पांढऱ्या पहिल्या सुरात) गातो, रेवती काळी चारमध्ये. तबला सारखा उतरतो. (सांगली)

उत्तर : एकच तबला ठोकून वर-खाली करू नका, शाई (मधला काळा थर) आणि वादी (ताण धरणारी कातडी पट्टी) दोन्ही दमतात. दोन तबले आधीच लावून ठेवा. ‘मृगनयना रसिकमोहिनी’नंतर रेवतीचं पद येण्याआधी गद्य असतं, तेवढ्यात तबलजी तबला बदलू शकतो. ऑर्गनवाल्याने पद सुरू होण्याआधीच्या वाक्यावर नव्या पट्टीचा षड्ज, म्हणजे ‘सा’, हळूच धरून ठेवावा, म्हणजे नटी चाचपडत नाही.

प्रश्न : फाल्गुनराव कितपत विनोदी करावा? (चिपळूण)

उत्तर : अजिबात करू नये. त्याला आणि कृत्तिकेला आपापला संशय शंभर टक्के खरा वाटतो, दोघंही मनातून भाजलेले असतात. नटाने डोळे वटारून, प्रेक्षकांकडे बघून टाळ्या मागितल्या की पात्र खोटं होतं आणि हशा दोन प्रवेशांत आटतो. तालमीत एकदा त्याचे प्रवेश ‘झुंझारराव’सारखे, म्हणजे देवलांनीच ‘ऑथेल्लो’वरून केलेल्या शोकनाट्यासारखे, गंभीरपणे करून घ्या. त्यातला वेग वाढवा, बाकी काही बदलू नका.