साखर नॉर्मल, मग शुगरची गोळी कशासाठी?

“मॅडम, हिची साखर नॉर्मल आहे, तरी डॉक्टरांनी शुगरची गोळी का लिहून दिली?” पीसीओएस (अंडाशयातील हॉर्मोन्सचा तोल बिघडण्याचा विकार) असलेल्या मुलींच्या आया हा प्रश्न मला वारंवार विचारतात. या आईच्या मनात आणखी एक धास्ती होती. मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते, आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीची चिठ्ठी कोणाच्या नजरेस पडली तर मुलीला मधुमेह असल्याचा बभ्रा होईल, असे त्यांना वाटत होते. मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबत होती, हनुवटीवर राठ केस येऊ लागले होते आणि वजन ७० किलोंवर गेले होते. या सगळ्याचा साखरेशी काय संबंध, हे मात्र तिला कोणीच सांगितले नव्हते.

उपाशीपोटीची साखर नॉर्मल दिसते ती पुष्कळदा स्वादुपिंड नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन तयार करून ती तशी राखते म्हणून, हे मी आधी स्पष्ट केले. स्नायू या इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, पण अंडाशय देतच राहते; त्यामुळे एलएच या हॉर्मोनच्या जोडीने हे जादा इन्सुलिन तिथल्या पेशींना टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हॉर्मोन्स अधिक बनवायला लावते. शिवाय त्यांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. राठ केसांचे मूळ इथे आहे.

“पण बीज का वाढत नाही?” हा प्रश्न मुलीचा होता, आणि माझ्या मते तोच अधिक नेमका होता. स्त्रीबीजाला ग्लुकोज थेट फारसे वापरता येत नाही. तान्ह्याला वरणभात कुस्करून भरवावा, तशा भोवतालच्या पेशी ग्लुकोज फोडून त्याचे पायरुव्हेट, म्हणजे वापरायला सोपे इंधन, बीजाला पुरवतात, आणि त्या पेशींचे हे काम हॉर्मोन्सच्या इशाऱ्यावर चालते. तो तोल बिघडला की बीज ज्यात वाढते ते बीजकोश अर्ध्यावर थांबतात आणि पाळी लांबते. सोनोग्राफीत ‘सिस्ट’ म्हणून दिसतात ते हेच. त्या गाठी नव्हेत.

मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर कमी करते, त्यामुळे इन्सुलिनची गरजही घटते. एकटी घेतली तर ही गोळी साखर एकदम उतरवत नाही. पोट बिघडू नये म्हणून जेवणासोबत घ्यावी, आणि दीर्घकाळ चालू राहिल्यास बी-१२ तपासावे, हे मी सांगितले. वजन ५ टक्क्यांनी, म्हणजे साडेतीन किलोंनी, उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. पीसीओएसमध्ये पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, हेही मी झाकून ठेवले नाही, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारण्यास सुचवले.

राहिला स्थळांचा प्रश्न. मेटफॉर्मिनची चिठ्ठी म्हणजे मधुमेह नव्हे आणि मुलीची उपाशीपोटीची साखर आज नॉर्मल आहे, हे निःशंक सांगता येईल. पीसीओएसबद्दल कोणाला, केव्हा सांगायचे ते तिने ठरवावे आणि फाइलही तिच्याकडेच असावी, असे माझे मत मी मांडले. आईंना ते पटले नाही, म्हणून तेवढा विषय आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवला.