एप्रिलच्या उत्तरार्धात जपान, तेही फक्त ट्रेनने: क्यूशू, कान्साय की तोहोकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १६ ते २६ एप्रिल सुट्टी पक्की, चौघं जण, त्यात सत्तरीचे आई-वडील, सगळे शाकाहारी. टोकियोला उतरणार, चेरीचा बहर बघायचा आहे, प्रवास ट्रेननेच करायचा आहे. दक्षिणेचा क्यूशू, क्योतो-ओसाकाचा कान्साय की उत्तरेचा तोहोकू? आणि सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा) घ्यावा का?

तोहोकू घ्या. सात दिवसांचा देशभरचा पास घेऊ नका, त्याऐवजी जेआर ईस्ट या कंपनीचा पाच दिवसांचा विभागीय पास घ्या.

आता कारणं. जपानमध्ये जी फिकट गुलाबी झाडं सगळीकडे दिसतात ती बहुतेक सोमेई योशिनो या एकाच जातीची, कलमं करून वाढवलेली. त्यामुळे एका गावातली झाडं जवळजवळ एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. हवामान खात्याच्या १९९१ ते २०२० च्या सरासरीनुसार पहिली फुलं फुकुओकात २२ मार्च, टोकियोत २४ मार्च, क्योतोत २६ मार्च, कानाझावात ३ एप्रिल, सेंदाईत ८ एप्रिल, आओमोरीत २२ एप्रिल आणि साप्पोरोत १ मेच्या सुमाराला येतात. फुलं यायला लागली की दक्षिणेत पूर्ण बहराला आठवडा-दहा दिवस लागतात, उत्तरेत चार-पाच दिवसांत झाड भरतं. पुढे आठवडाभर, वारा-पाऊस झाला तर त्याहून कमी. (दक्षिणेतलं कागोशिमा फुकुओकाच्या नंतर फुलतं. कळीची झोप मोडायला हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, ती तिथे कमी पडते.)

म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा क्यूशूत झाडं हिरवी झालेली असतील. क्योतोत निन्ना-जी मंदिरातली ठेंगणी, उशिरा फुलणारी झाडं मिळाली तर मिळतील, नाराजवळच्या योशिनो डोंगराच्या अगदी वरच्या भागातही थोडी फुलं असतील. पण एवढ्यासाठी आई-वडिलांना घेऊन क्योतोच्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही. योशिनोला जाणारी गाडी किंतेत्सू या खासगी कंपनीची आहे, तिथे जेआरचा पास चालतही नाही.

सरासरीवर मात्र विसंबू नका. टोकियोत पहिल्या फुलांची घोषणा २०२३ मध्ये १४ मार्चला झाली आणि २०२४ मध्ये २९ मार्चला. एका वर्षात पंधरा दिवसांचा फरक! ही घोषणा कशी होते तेही बघण्यासारखं आहे. यासुकुनी देवळाच्या आवारात ठरवून दिलेलं एक झाड आहे. खात्याचा माणूस येऊन त्याच्यावरची फुलं मोजतो; पाच-सहा उमललेली दिसली की ‘फुललं’. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की ‘पूर्ण बहर’. खातं आता एवढंच करतं, आधीचे अंदाज खासगी संस्था जानेवारीपासून देतात आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात.

माझ्या लेखी तोहोकू निवडण्याचं खरं कारण इथे आहे. तोहोकू शिनकान्सेन, म्हणजे इकडची बुलेट ट्रेन, टोकियोपासून शिन-आओमोरीपर्यंत सुमारे ६७५ किलोमीटर जवळजवळ सरळ उत्तरेला जाते, आणि बहरही त्याच वाटेने वर सरकतो. सेंदाई, किताकामी, मोरिओका, काकुनोदाते, हिरोसाकी ही सगळी ठिकाणं याच मार्गावर किंवा त्याच्या फाट्यावर आहेत. बहर लवकर आला तर तुम्ही वर सरकायचं, उशीर झाला तर खाली थांबायचं. पास तोच, गाडी तीच. क्यूशूत किंवा कान्सायमध्ये तारीख चुकली की चुकलीच.

तुमच्या तारखांना मी आखणी अशी करेन. १७ ते १९ टोकियोत. विमानाचा शीण जाऊ द्या, पास सुरू करू नका. २० ला टोकियोहून मोरिओका, सव्वादोन तासांच्या आसपास. तिथे दोन रात्री. २१ ला काकुनोदातेला जाऊन-येऊन. २२ ला मोरिओकाहून शिन-आओमोरी, तासाभराचं अंतर, मुक्काम आओमोरी शहरात. २३ ला दिवसभर हिरोसाकी. २४ ला परत टोकियो, तीन ते साडेतीन तास. २५ मोकळा. पास २० ते २४ असा सलग पाच दिवस वापरला जातो.

१८ तारखेला संध्याकाळी अंदाज बघा. मोरिओकाच्या वर अजून कळ्याच असतील तर २० ची रात्र सेंदाईत काढा. सेंदाईहून साध्या लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर ओगावारा आणि फुनाओका ही दोन स्टेशनं आहेत. त्यांच्यामध्ये शिरोइशी नदीच्या काठाने आठ किलोमीटर, बाराशेच्या आसपास झाडं आहेत आणि मागे झाओचा बर्फाचा डोंगर. बहरात गाड्या या टप्प्यात मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना खिडकीतूनही निम्मं बघून होतं. उलट हिरोसाकीसुद्धा संपत आलं असेल (२०२३ मध्ये ते एप्रिलच्या मध्याच्या सुमारासच भरलं होतं), तर शिन-आओमोरीहून समुद्राखालच्या सेइकान बोगद्यातून होक्काइदोत हाकोदातेला जा. तिथल्या गोर्योकाकू या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यात सरासरीने २८ एप्रिलच्या आसपास फुलं येतात. एवढ्या तुकड्याचं तिकीट वेगळं लागेल. या लवचिकतेसाठी एकच पथ्य: हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

काकुनोदाते हे सामुराईंच्या वाड्यांचं छोटं गाव. काळ्या लाकडी कुंपणांवरून खाली लोंबणाऱ्या फांद्यांची चेरी तिथली खासियत, त्यातल्या १६२ झाडांना राष्ट्रीय संरक्षण आहे. पलीकडे हिनोकिनाई नदीच्या बांधावर दोन किलोमीटर सोमेई योशिनोची रांग. स्टेशनपासून वाड्यांची गल्ली सपाट रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं. सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर पर्यटकांच्या बस येतात.

हिरोसाकीला पूर्ण दिवस द्या. किल्ल्याच्या बागेत सुमारे २६०० झाडं आहेत. सोमेई योशिनोचं आयुष्य एरवी साठ-सत्तर वर्षं धरतात, इथे मात्र शंभरी ओलांडलेली शेकडो झाडं दरवर्षी फुलतात. कारण सफरचंद. जपानमध्ये चेरीची फांदी कापणारा मूर्ख समजला जातो, कारण कापलेल्या जागी झाड कुजतं. पण आओमोरी हा सफरचंदाचा मुलूख. इथल्या माळ्यांनी बागायतदारांची छाटणी चेरीवर आणली: म्हातारी फांदी काढायची, जखमेवर औषध लावायचं, मुळांना खत द्यायचं. जवळून बघा, एका कळीतून एरवी तीन-चार फुलं येतात तिथे इथे चार-पाच किंवा जास्त दिसतात, त्यामुळे फांदीचं लाकूड दिसेनासं होतं. बहरानंतर तीन-चार दिवसांनी पाकळ्या खंदकात पडून पाणी पूर्ण गुलाबी होतं. म्हणून ‘बहर ओसरला’ असं वाचलंत तरी हिरोसाकी रद्द करू नका. बाहेरचा खंदक आधी फुलतो, आतला भाग नंतर, आणि बागेचा स्वतःचा अंदाज हे दोन्ही वेगवेगळे देतो.

हिरोसाकीत मुक्काम मात्र नको. बहरात खोल्या चार-सहा महिने आधी संपतात आणि भाव चढतात. आओमोरीहून साधी गाडी पाऊण तासात पोचवते. गाड्या तासाला एखादीच, तेव्हा परतीच्या वेळा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. या गाड्यांचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत, शेजारचं बटण दाबावं लागतं. स्टेशन आलं आणि दार उघडेना म्हणून बसून राहणारे पाहुणे नेहमीचेच.

आता पास. देशभरचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून ५० हजार येन झाला. टोकियो-क्योतो एकेरी भाडं १४ हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन २८. ‘जपानला गेलं की पास घ्यायचाच’ हा सल्ला त्या दरवाढीच्या आधीचा आहे. तोहोकूसाठी जेआर ईस्टचा पाच दिवसांचा विभागीय पास आहे, ३० ते ३५ हजार येनच्या दरम्यान धरा आणि घेण्याआधी दर तपासा. वरच्या आखणीत टोकियो ते मोरिओका, काकुनोदातेची फेरी, मोरिओका ते शिन-आओमोरी, हिरोसाकीची फेरी आणि शिन-आओमोरी ते टोकियो अशी सुटी तिकिटं ४५ हजारांच्या घरात जातात. माणशी दहा हजार येन वाचले तर चौघांचे चाळीस हजार. हा पास क्योतोकडे जाणाऱ्या तोकाइदो शिनकान्सेनवर अजिबात चालत नाही, त्यामुळे ‘जाता जाता क्योतो’ हा मोह डोक्यातून काढा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आरक्षणात. या मार्गावरच्या हायाबुसा आणि कोमाची या दोन्ही शिनकान्सेन गाड्यांत सगळ्या जागा आरक्षित असतात; हातात पास असला तरी जागा घ्यावीच लागते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. आरक्षण महिनाभर आधी जपानी वेळेनुसार सकाळी १० ला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. शनिवार-रविवारच्या सकाळच्या गाड्या आधी भरतात. चौघांसाठी पाठोपाठच्या दोन रांगांत दोन-दोन जागा घ्या, पुढची सीट पायाने खटका दाबून फिरवली की समोरासमोर बसता येतं.

दुसरा घोळ: टोकियोहून सुटताना हायाबुसा आणि कोमाची बहुतेक वेळा एकमेकांना जोडलेल्या असतात. डबे १ ते १० हायाबुसाचे, ११ ते १७ कोमाचीचे. मोरिओकाला त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात, हायाबुसा आओमोरीकडे आणि कोमाची काकुनोदातेवरून अकिताकडे. आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. मोरिओकाला चढतानाही फलाटावरचा डबा क्रमांक बघूनच रांगेत उभं राहा, गाडी फार वेळ थांबत नाही.

सामानाच्या बाबतीत तोहोकू सोपं आहे. तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर जागा राखून ठेवायचा नियम तोकाइदो, सान्यो आणि क्यूशूच्या शिनकान्सेनवर आहे, इथे नाही. तरी मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातच ठेवा आणि पाच दिवसांचे कपडे छोट्या बॅगेत घ्या. स्टेशनवर मोठ्या बॅगेचे लॉकर मोजकेच असतात, बहरात सकाळीच भरतात. कपड्यांत गरम जाकीट हवंच. हिरोसाकीत या दिवसांत रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, दिव्यांच्या उजेडातली फुलं बघायला थांबलात तर कळेल.

शाकाहाराचं सरळ सांगतो, कठीण आहे. भाजीच्या रश्शात, सोबा-उदोनच्या पाण्यात, अगदी नुसत्या दिसणाऱ्या टोफूवरही माशाचा अर्क असतो. स्टेशनवर मिळणाऱ्या जेवणाच्या सुंदर डब्यांत निखळ शाकाहारी जवळजवळ नसतो. सेंदाईची प्रसिद्ध थाळी तर गोमांसाची जीभ. दुकानातल्या भाताच्या गोळ्यांत उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, त्यातल्या त्यात बरा, पण फोनने लेबल वाचून घ्या. सेंदाईचा झुंदा मोची (कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांचा गोड, हिरवा लगदा लावलेला) बिनधास्त खा. हॉटेलच्या खोल्यांत पाणी उकळायची किटली बहुतेक ठिकाणी असते, तेव्हा गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा, मेतकूट आणि थेपले माणशी रोज एका जेवणाला पुरतील इतके न्या.

तारीख पुढे ढकलायचा विचार असेल, मुलांच्या परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत लांबल्या म्हणून अनेकांना तसं करावं लागतं, तर २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा. त्यात जपानच्या चार सार्वजनिक सुट्ट्या येतात, अख्खा देश फिरायला निघतो आणि आरक्षण उघडताच गाड्या भरतात. ६ मेनंतर गेलात तर फुलांसाठी होक्काइदोचाही वरचा भाग गाठावा लागेल. त्यापेक्षा मग तोयामाला जा: तातेयामाचा डोंगरी रस्ता एप्रिलच्या मध्याला उघडतो, आणि बर्फ कापून काढलेल्या भिंतींमधून जूनपर्यंत चालता येतं. वर जाताना केबल कार आणि बस बदलाव्या लागतात, शेवटचं ठिकाण २४५० मीटरवर आहे. आई-वडिलांपैकी कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.