बाबांचा फोन आणि एटीएम कार्ड काढून घेऊ का?

आई किंवा वडील पैशांच्या बाबतीत फसले की मुलं माझ्याकडे बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. त्यामागची काळजी खरी असते. अशा एका घराबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका निवृत्त शिक्षक, पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे. त्यांना फोन आला, "तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीवर बोनस जमलाय, तो एजंट खातोय. तुमच्या नावावर वळवायचा तर एक नवीन पॉलिसी घ्यावी लागेल." बोलणारा स्वतःला विमा नियामक आयआरडीएआयचा अधिकारी म्हणवत होता आणि जुन्या पॉलिसीचा नंबर त्याला तोंडपाठ होता. काकांनी आधी एक पॉलिसी घेतली, काही महिन्यांनी दुसरी. मधल्या काळात फाईल चार्ज, जीएसटी, एनओसी असं काही ना काही निघत राहिलं. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून ते पुढचे भरत गेले. एफडी मोडायची वेळ आली तेव्हा लेकीला कळलं.

"एवढे शिकलेले तुम्ही, तरी कसे फसलात?" ती माझ्यासमोरच म्हणाली. काका गप्प बसले. तिला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितल्यावर बोलले, "तो रोज फोन करायचा हो. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्या का, विचारायचा. मुलीला सांगू नका, उगाच टेन्शन घेईल, असंही म्हणायचा."

असे फोन करणारे सगळ्यात आधी माणसाला घरच्यांपासून तोडतात. चूक कळली तरी ती सांगायची लाज वाटते आणि त्या लाजेपोटी आणखी पैसे जातात. म्हणून मी लेकीला म्हटलं, कार्डाचं नंतर बघू; आधी बाबांना तुमच्याशी न घाबरता बोलता आलं पाहिजे.

पुढच्या वेळी दोघं कागदांची पिशवी घेऊन आले. काकांना दोन्ही पॉलिसी 'एकदाच भरायच्या' म्हणून सांगितल्या होत्या. कागदावर दहा वर्षं दरवर्षी हप्ता होता. काकांचं वय बसत नव्हतं म्हणून विमा नातवाच्या नावाने उतरवलेला. उत्पन्नाच्या रकान्यातला आकडा पेन्शनच्या कितीतरी पट! "हे मी लिहिलेलंच नाही," काका म्हणाले. खाली सही मात्र त्यांचीच होती.

दुसऱ्या पॉलिसीचे कागद हातात येऊन 30 दिवस झाले नव्हते. त्या मुदतीत पॉलिसी परत करता येते, थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. यालाच 'फ्री लूक' म्हणतात. लेकीने त्याच दिवशी अर्ज दिला. पहिलीची मुदत टळली होती, म्हणून तिची तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे केली. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचं प्रकरण चालतं. 'चार्ज' म्हणून खाजगी खात्यांत पाठवलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात, आणि इथे महिने उलटले होते. ते पैसे परत येण्याची आशा फार धरू नका, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनसही जाहीर करत नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

मग कार्डाचा विषय निघाला. ज्यांना व्यवहार समजतो त्यांच्या हातातून तो काढून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 'तुमच्या भल्यासाठीच' म्हणून पासबुक ताब्यात घेतलं गेलं आणि पुढे घरही लिहून घेतलं गेलं, अशी वृद्ध माणसं माझ्याकडे येतात, आणि घेणारे घरचेच असतात. (सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23खाली परत मागता येते. पण आईवडील स्वतःच्या मुलांविरुद्ध अर्ज करायला धजत नाहीत.) शेवटी काकांनी स्वतःच कार्डाची आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घेतली. मोठी रक्कम देण्याआधी एक दिवस थांबायचं आणि लेकीशी बोलायचं, हेही त्यांनी कबूल केलं. तिला मी एकच अट घातली होती: त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत रागवायचं नाही.

काही आठवड्यांनी पुन्हा फोन आला. आता म्हणे लोकपाल कार्यालयातून, बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त थोडी फी भरा! एकदा फसलेल्यांचे नंबर या लोकांत फिरत असतात, त्यामुळे हा दुसरा फोन बऱ्याच जणांना येतो. काकांनी तो ठेवला आणि लेकीला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून तो नंबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवण्याच्या 'चक्षू' या सोयीत नोंदवला.