वाचक विचारतात : नागोयाचा खेळ, सोलापूरची वेळ

विसाव्या आशियाई क्रीडा स्पर्धा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानच्या आयची-नागोयात होत आहेत. गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला, म्हणजे स्पर्धेचा पहिला आठवडा थेट गणेशोत्सवात. त्यामुळे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ‘कसं बघायचं’ याच अंगाचे आहेत.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो. लाइव्ह काही बघायला मिळेल का? मागच्या वेळी ॲपवर वेळ बघून बसलो, तर सामना संपलेला होता.
*(एक यंत्रमाग कामगार)*

जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिकडे सकाळी ९ ला पात्रता फेरी सुरू झाली, की आपल्याकडे पहाटेचे ५:३० झालेले असतात. तिकडची संध्याकाळी ७ ची फायनल आपल्याकडे दुपारी ३:३० ला आणि रात्री ९ ची ५:३० ला. पदकांचा दिवस आपल्याकडे संध्याकाळी सहा-साडेसहाला जवळपास आटोपतो.

पहिली पाळी करणाऱ्याला हे सोयीचंच आहे. सुटून घरी येईपर्यंत फायनलची वेळ झालेली असते. अडचण जनरल शिफ्टवाल्यांची आणि शाळा-ऑफिसवाल्यांची. त्यांच्या हाती १९, २०, २६, २७ सप्टेंबर आणि ३, ४ ऑक्टोबर हे शनिवार-रविवार, शिवाय गांधी जयंतीचा शुक्रवार. रजा टाकायचीच असेल तर वेळापत्रकात पदकाचं सत्र कुठल्या दिवशी आहे ते बघून टाका. साखळी सामन्यासाठी रजा वाया घालवू नका.

ॲपवर गफलत दोन प्रकारे होते. बरीच ॲप फोनच्या घड्याळाप्रमाणे वेळ आधीच बदलून दाखवतात. त्यातून आपण पुन्हा वेळेतला फरक वजा केला, की सामन्याच्या कितीतरी आधी येऊन बसतो. उलट ॲप तिकडचीच वेळ दाखवत असेल आणि ती भारतीय समजून बसलो, तर सामना संपलेला; तुमचं तेच झालं असावं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे आधीच होऊन गेलेला एखादा सामना उघडून त्यावर कोणती वेळ दिसते ते बघणं. छापील वेळापत्रकात मात्र बहुतेक वेळा स्थानिक वेळ असते.

एक पान घ्या आणि स्वतःचा तक्ता करा. तारीख, खेळ, फेरी, जपानची वेळ, आपली वेळ असे पाच रकाने पुरेत. चॅनेल दाखवेल ते बघत बसलात तर क्रिकेट आणि मुलाखतीच जास्त दिसतील. नेमबाजी, तिरंदाजी, कुस्तीच्या सुरुवातीच्या फेऱ्या स्वतः शोधाव्या लागतात. सप्टेंबर हा तिकडे वादळांचा महिना, तेव्हा मैदानी खेळांच्या वेळा आदल्या रात्री पुन्हा तपासा.

२०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक (१४ ते ३० जुलै) याच्या अगदी उलट असेल. तिकडची वेळ आपल्यामागे साडेबारा तास, त्यामुळे तिथली संध्याकाळी ७ ची फायनल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३० ला. तारीख बदलते हे विसरू नका.

प्रश्न : आमच्या मंडळाने यंदा मांडवात मोठा पडदा लावून सामने दाखवायचं ठरवलं आहे. प्रोजेक्टर भाड्याने घ्यावा की मोठा टीव्ही? परवानगी, आवाज, इंटरनेट याचंही सांगा.
*(पूर्व भागातील एका मंडळाचे कार्यकर्ते)*

मांडव असेल तर टीव्ही, बंद हॉल असेल तर प्रोजेक्टर. कारण वरच्या हिशेबात आहे. फायनल दुपारी साडेतीन ते साडेपाच, म्हणजे भर उजेडात. पांढऱ्या-पिवळ्या कापडाच्या मांडवात त्या वेळी प्रोजेक्टरचं चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं आणि गुणफलक तर वाचताच येत नाही. ५५ किंवा ६५ इंची टीव्ही पाच-साडेपाच फूट उंच स्टँडवर, सूर्याकडे पाठ न करता आणि समोरून ऊन न येता लावला, तर चाळीस-पन्नास माणसं नीट बघतात. त्याहून गर्दी जास्त असेल तर दुसरा टीव्ही मागे लावा. एकाच टीव्हीला लांबून डोळे ताणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हॉल असेल तर प्रोजेक्टरचा हिशेब असा. पडदा ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच, म्हणजे ३६ चौरस फूट. प्रोजेक्टरच्या ल्युमेनला (त्याच्या उजेडाच्या मापाला) या आकड्याने भागा. पूर्ण अंधारात उत्तर १६ च्या आसपास आलं तरी चालतं, पण दिवे चालू असलेल्या किंवा खिडक्यांतून उजेड येणाऱ्या हॉलमध्ये ५० च्या वर हवं. ३००० ल्युमेनला ८३ येतात, म्हणजे काम भागलं. मात्र ते ल्युमेन ‘ॲन्सी’, म्हणजे ठरलेल्या मानकाप्रमाणे मोजलेले, असले पाहिजेत. स्वस्त चिनी डब्यांवर ‘९००० ल्युमेन’ छापलेलं असतं, ते खरं मोजलं तर कित्येकदा दोन-तीनशेच्या घरात निघतं. भाड्याने घेताना दुपारी, दिवे लावून, स्वतः चालवून बघा. रात्री दाखवलेल्या चित्रावर भुलू नका. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर ८ फुटी पडद्याला प्रोजेक्टर १२ फुटांवर ठेवावा लागतो. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर घ्या, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

चित्र कुठून घ्यायचं हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. ॲपवरचं प्रक्षेपण डिश किंवा केबलपेक्षा साधारण २० ते ४० सेकंद मागे असतं, कधी त्याहून जास्त. शेजारच्या बिल्डिंगमध्ये केबलवर आरोळी उठली, की तुमच्या मांडवात भालाफेकपटू अजून धाव घेत असतो. अशा वेळी मजा गेलीच. म्हणून सामना टीव्ही चॅनेलवर असेल तर सेट टॉप बॉक्सच वापरा आणि ॲप फक्त चॅनेलवर नसलेल्या खेळांसाठी ठेवा. ॲपवर फुल एचडीला ६ ते ८ एमबीपीएस स्थिर वेग लागतो आणि तासाला सुमारे ३ जीबी जातात. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून फायनल बघायची म्हटलं तर पाऊण तासात खेळ खल्लास. जवळच्या घरातून ब्रॉडबँडची लॅन वायर ओढा. वायफायवर भरवसा नको, गर्दीचे शंभर फोन त्याच हवेत असतात.

आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरवर सोडू नका. बॉक्सच्या ऑडिओ आउटमधून मिक्सरला द्या आणि मिक्सरवर बेस कमी करा. समालोचनाला बेस लागत नाही, त्याने शब्द गढूळ होतात. घरघर ऐकू आली तर बहुतेक वेळा बॉक्स एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर असतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या आणि रोषणाईची माळ त्या बोर्डावरून काढा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि दिवस रात्री १० ला संपतो. सामने संध्याकाळीच संपत असल्याने तिकडून त्रास नाही, उलट आरती आणि लेझीमच्या सरावाला वेळ मोकळा राहतो.

आता पाऊस. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरातच. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, खांबाला दोन फुटांवर बांधा. मांडवाच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण रोज दाबून बघा. तो सारखा पडत असेल तर त्याला बायपास करणारा इलेक्ट्रिशियन बदला. पडतोय याचा अर्थ कुठेतरी ओल आहे.

परवानगीचं : मंडळाच्या मांडवाची परवानगी वेगळी आणि प्रक्षेपणाचा हक्क वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा हक्कभंग आहे. तिकीट लावू नका आणि ‘देणगी दिली तरच प्रवेश’ असली पळवाटही काढू नका. प्रायोजकाचे बॅनर पडद्याभोवती लावणार असाल तर आधी केबल किंवा डिश कंपनीला लेखी विचारा. हॉटेल-खानावळींसाठी व्यावसायिक जोडणी वेगळी असते, घरगुती बॉक्स तिथे चालत नाही.

प्रश्न : सामन्याच्या वेळीच लाइट जाते. इन्व्हर्टरवर टीव्ही किती वेळ चालेल?
*(गृहिणी, जुळे सोलापूर)*

१५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळे हातात धरा १०००. ४३ इंची टीव्हीचे ८०, सेट टॉप बॉक्सचे १२, राउटरचे १० आणि जुन्या पंख्याचे ७५ मिळून १७७ वॅट. साडेपाच तास आरामात. पंखा ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर साडेसात तास. बॅटरीला तीन वर्षं झाली असतील तर यातले एक तृतीयांश कमी करा. पाणी तपासलं नसेल तर आजच तपासा.

पण टीव्ही चालू आणि चित्र गायब, असं होत असेल तर दोष घरात नाही. गल्लीतल्या केबलच्या ॲम्प्लिफायरची लाइट गेलेली असते. डिशला तो प्रश्न नाही, मात्र मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो. ज्यांच्याकडे दोन्ही आहे ते सुखी.

प्रश्न : तालमीतल्या पोरांना मॅटवरच्या कुस्तीचे गुण कळत नाहीत. आणि हरलेला मल्ल पुन्हा खेळून पदक कसं घेतो? विनेशच्या वेळी नक्की काय झालं?
*(एक वस्ताद, विजापूर रोड)*

मातीत चितपट झाली की विषय संपला. मॅटवर चितपट आहेच, पण बहुतेक कुस्त्या गुणांवर सुटतात. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पट काढून मागे जाऊन ताबा घेतला की २. भारंदाज डाव लावून प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे वळवली की २. उभ्याने उचलून थेट पाठीवर घेतला तर ४, आणि मोठ्या घेराची फेक असेल तर ५. रिंगणाबाहेर पाय गेला की समोरच्याला १. नुसता रेटत राहणाऱ्याला पंच ३० सेकंदांची मुदत देतात, त्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला १. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते.

गुण बरोबरीत सुटले तर आधी मोठ्या गुणाचा डाव कुणाचा ते बघतात, मग ताकिदी कुणाच्या कमी, आणि तरीही बरोबरी असेल तर शेवटचा गुण कुणाचा. म्हणून शेवटच्या २० सेकंदांत ४-४ असताना एक मल्ल निवांत आणि दुसरा जिवाच्या आकांताने धावतो. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर फलक बरोबरीचा बघून ती गोंधळतात.

हरलेल्याची संधी म्हणजे रेपेशाज. तुम्हाला हरवणारा मल्ल फायनलला पोचला तरच तुम्ही पुन्हा आत येता. उपांत्य फेरीत हरलेले दोघे थेट कांस्यपदकाच्या कुस्तीला जातात, रेपेशाजमधून आलेले दोघे त्यांच्यासमोर येतात, म्हणून कांस्य दोन. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीकडून ०-१० असा हरला आणि पुढच्या कुस्तीत पोर्तो रिकोच्या दारियन क्रूझला १३-५ ने हरवून ५७ किलोचं कांस्य घेऊन आला.

त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोत पहिल्या दिवशी तिन्ही कुस्त्या जिंकली. दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि नियमाप्रमाणे शेवटच्या क्रमांकावर गेली. उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्युबाची युसनेलिस गुझमान फायनलला गेली. पहिल्या फेरीत विनेशकडून हरलेल्या जपानच्या युई सुसाकीचा रेपेशाज मात्र कायम राहिला आणि तिने कांस्य घेतलं. नियम कठोर आहे यात वाद नाही, पण दोन दिवस वजन राखणं हा त्या वेळच्या स्पर्धेचाच भाग होता. तालमीतल्या पोरांना डावाइतकंच वजनाचंही शिकवा.

बॉक्सिंगमध्ये कांस्याची लढत नसते, उपांत्य फेरीतले दोन्ही पराभूत कांस्य घेतात. आशियाई स्पर्धेत बॅडमिंटन आणि कबड्डीतही तसंच, ऑलिंपिकच्या बॅडमिंटनमध्ये मात्र कांस्यासाठी सामना होतो.

प्रश्न : पॅरिसला आपली सहा पदकं, मग ७१ वा नंबर कसा?
*(विद्यार्थी, सात रस्ता)*

क्रम सुवर्णावर लागतो. सुवर्ण सारखी असतील तर रौप्य, मग कांस्य. आपलं एक रौप्य (नीरज चोप्रा, ८९.४५ मीटर) आणि पाच कांस्य, त्यात कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं एक. एकच पदक पण ते सुवर्ण, म्हणून पाकिस्तान आपल्या वर. मागच्या, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य अशी १०७ पदकं घेऊन आपण चौथे होतो.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दोघं नागोयाला जायचं म्हणतो. तयारी काय करावी?
*(निवृत्त शिक्षक, होटगी रोड)*

आधी तिकीट, मग व्हिसा, मग विमान, असा क्रम नको. आधी कोणता खेळ बघायचा ते ठरवा, कारण सगळे खेळ नागोयात नाहीत. पोहणं आणि घोडेस्वारी टोकियोत आहे. नागोया-टोकियो बुलेट ट्रेनने सुमारे पावणेदोन तास, म्हणजे एका दिवसात दोन्हीकडचे सामने बघायचं ठरवलं तर धावपळ होणार. खेळाडूंसाठी स्वतंत्र क्रीडाग्राम बांधलेलं नाही, त्यांची सोय क्रूझ जहाज, तात्पुरती घरं आणि हॉटेलांत आहे. त्यामुळे शहरात खोल्यांची टंचाई धरून चला आणि रद्द करता येणारी खोली आधी धरून ठेवा. तिकिटं फक्त अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, समूहांत फिरणाऱ्या ‘जास्तीच्या तिकिटां’ना हात लावू नका.

जपानात वीज १०० व्होल्ट आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. फोनचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालतात, चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागेल. इथली इस्त्री किंवा पाण्याचा हीटर तिकडे नीट तापणार नाही, नेऊ नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासात टिकतात, हवाबंद पिशवीत घ्या. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र विमानतळावर काढून घेतात. सोलापूरहून मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाणार असाल तर विमानाच्या वेळेआधी निदान सात-आठ तास मोकळे ठेवा. गाडी उशिरा पोचली तर घाटातल्या पावसाचं कारण विमान कंपनी ऐकत नाही.