मीटिंगला फक्त आम्हीच

प्रश्न : आमच्या पेठेत आठवी-नववीची पोरं तंबाखू-सुपारीचा मावा खायला लागलीत, म्हणून तालमीत व्यसनमुक्ती समिती काढली. रात्री नऊला मीटिंग असते पण येतो आम्हीच, पन्नाशीतले दहा-बाराजण. बायका नाहीत, पलीकडच्या वस्तीतलं कोण नाही, पोरं तर फिरकतच नाहीत. काय करावं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका, राग मानू नका, पण रात्री नऊला तालमीत म्हटल्यावर बायका येणार कशा? आधी जागा आणि वेळ बदला, शाळेचा वर्ग मिळतो का बघा, रविवारी सकाळी. वस्तीतल्यांनाही निरोप धाडून भागणार नाही, तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसा आणि पहिली मीटिंग तिकडंच घ्या. नाहीतर होतं काय, सगळं आपण ठरवायचं आणि मग त्यांना बोर्डावर नाव घालायला बोलवायचं, ते त्यांना लगेच कळतं.

पोरांचं म्हणाल तर एकट्याला बोलवू नका, चार-पाच एकदम बोलवा, घरी सांगून, आणि कोण खातो त्याची नावं अजिबात विचारू नका. कुठं मिळतं, किती वाजता मिळतं, उधारीवर कोण देतं एवढंच विचारा, तुमच्या दहा-बाराजणांना जे माहीत नाही ते अर्ध्या तासात कळेल. तालमीच्या टीममधली फुटबॉल खेळणारी पोरं बरोबर घ्या, शाहू स्टेडियमवर ज्यांच्या नावानं बारकी पोरं ओरडतात त्यांचं ऐकतात, आपलं नाही ऐकत. पोलिसांना मात्र पहिल्या मीटिंगला नको, खाकी दिसली की पोरं गप्प.

अमेरिकेत ड्रग-फ्री कम्युनिटीज म्हणून सरकारी योजना आहे, तिथं पैसे मिळायचे तर समाजाच्या १२ गटांतली माणसं समितीत लागतात, त्यात तरुण, पालक, शाळा, पोलिस आणि धंदेवाले सुद्धा आले. म्हणजे टपरीवाल्यालाही बोलवायचं. कोटपा म्हणून तंबाखूच्या विक्रीवरचा कायदा २००३ चा आहे, १८ वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकायची नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तर विक्रीच बंद, हे त्याला शेजारी बसवून सांगितलं की फरक पडतो. जो पोरगा आधीच अडकलाय त्याच्या आईला व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर द्या, फुकट आहे, आणि चारचौघांत देऊ नका.

आणि एक, गणपतीच्या वर्गणीत मोठी पावती गुटख्याच्या नाहीतर दारूच्या धंद्यातल्या कुणाची आहे का ते बघा, पोरांना ते आधीच माहीत असतं. असेल तर समितीचा बोर्ड लावायच्या आधी ती पावती परत करा, मंडळात थोडी भांडणं होतील, होऊ देत.